‘लॅपरॉटॉमी’ म्हणजे नेमके काय?

ऑपरेशनपूर्वी संमतीपत्रावर सही करायची वेळ येते तेव्हा घरातल्या थोड्याफार शिकलेल्या माणसाला पुढे केले जाते. तो कागद वरून खाली वाचतो आणि एका शब्दापाशी अडतो. ‘लॅपरॉटॉमी.’ पुष्कळदा त्याच्या अलीकडे आणखी एक शब्द असतो, ‘एक्स्प्लोरेटरी’. विचारावे तर डॉक्टर घाईत, नर्स घाईत. मग कोणीतरी सांगते, “पोट उघडून बघणार आहेत.” एवढ्यावर सही होते किंवा एवढ्यावरच पेशंट उठवून घरी आणला जातो. मंद्रूपमध्ये बसून मी या दोन्ही गोष्टी पाहिल्या आहेत. म्हणून या आठवड्यात एखाद्या रोगाऐवजी या एका शब्दाविषयीच लिहायचे ठरवले. शब्द परका आहे, पण त्याची फोड केली की तो फारसा अवघड राहात नाही.

हा शब्द ग्रीक भाषेतला. त्याचे दोन तुकडे. शेवटचा तुकडा ‘टॉमी’. ‘टोमे’ म्हणजे कापणे, चीर देणे. हा तुकडा आपल्याला अगदीच अनोळखी नाही. शाळेत शिकलेला ‘अ‍ॅटम’ हा त्याच घरातला. ज्याचे आणखी तुकडे करता येत नाहीत तो अ‍ॅटम. शरीर कापून त्याची रचना पाहायची ती ‘अ‍ॅनाटॉमी’, हाही त्याचाच भाऊ.

पहिला तुकडा अधिक गमतीचा आहे. ‘लापारा’ म्हणजे ग्रीक भाषेत पोट नव्हे. बरगड्या संपतात तिथपासून कमरेच्या हाडापर्यंत बाजूला जी मऊ, हाड नसलेली जागा असते ती ‘लापारा’. मूळ विशेषणाचा अर्थच मऊ किंवा सैल असा आहे. आपल्याकडे या जागेला नेमका शब्द आहे, कूस. आपण ‘कुशीवर वळतो’ ती कूस. तेव्हा लॅपरॉटॉमीचे शब्दशः मराठी करायचे तर ‘कूस चिरणे’ असे होईल. आज माणसाच्या ऑपरेशनमध्ये बहुधा कूस चिरत नाहीत, पोटाच्या मधोमध उभी चीर देतात. तरी नाव कुशीचेच राहिले आहे.

मूळ अर्थाने लॅपरॉटॉमी पाहायची असेल तर जनावरांच्या दवाखान्यात जावे. गाईने वैरणीबरोबर तार, खिळे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या गिळल्या की पशुवैद्य तिला उभीच ठेवून, डाव्या कुशीला भुलीची इंजेक्शने देऊन तिथे चीर देतात आणि कोठ्यात हात घालून तो सगळा कचरा बाहेर काढतात. आपल्या भागातील कित्येक शेतकऱ्यांनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिले असेल. ‘लापारा’ चिरणे म्हणतात ते हे.

आता वाचक म्हणतील, पोटाला ग्रीक भाषेत दुसरा शब्द नव्हता काय? होता. ‘गास्टर’. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांतून ‘गॅस्ट्रोची साथ’ अशी बातमी येते, त्यातला ‘गॅस्ट्रो’ तोच. या शब्दाची खोड अगदी आपल्या ‘पोट’ या शब्दासारखी आहे. आपण ‘पोट दुखते’ म्हणतो तेव्हा जठर दुखते, आतडे दुखते की आणखी काही, हे सांगत नाही. ‘पोट भरले’ म्हणतो तेव्हा मात्र जठराविषयी बोलत असतो. आमच्या भागातील कन्नड बोलणारी मंडळी ‘होट्टे’ म्हणतात, त्याचीही तीच तऱ्हा. ‘गास्टर’चाही असाच कधी सबंध पोट, तर कधी नुसते जठर असा दुहेरी अर्थ. त्यामुळे जुन्या वैद्यकीय ग्रंथांतून ‘गॅस्ट्रॉटॉमी’ हा शब्द दोन्ही अर्थांनी आढळतो. पोटाची भिंत उघडली तरी गॅस्ट्रॉटॉमी आणि जठराला चीर दिली तरी गॅस्ट्रॉटॉमी! हा घोळ मिटवायचा म्हणून पुढे वाटणी झाली. पोटाची भिंत उघडणे ती लॅपरॉटॉमी आणि आतल्या जठराच्या पिशवीला चीर देणे ती गॅस्ट्रॉटॉमी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही चिकित्सक डॉक्टरांनी हरकत घेतली की, आपण तर मधोमध चीर देतो, मग कुशीचे नाव कशाला? ‘सीलिऑटॉमी’ म्हणा, कारण ‘कोइलिया’ म्हणजे पोटाची पोकळी. त्यांचे म्हणणे व्याकरणाने बरोबर होते. पण शब्दांच्या बाबतीत बरोबर असणे पुरेसे नसते. तो शब्द पुस्तकात राहिला आणि कागदावर लॅपरॉटॉमीच लिहिली जाते.

ही वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. लॅपरॉटॉमी म्हणजे घराचा दरवाजा उघडणे. आत जाऊन काय केले, हे त्या शब्दात नाही. आतले काम सांगणारे शब्द वेगळे. त्यांच्या शेपट्या तीन. नुसती ‘टॉमी’ असेल तर चीर दिली, काम केले, पुन्हा शिवले. ‘एक्टॉमी’ असेल तर तो भाग कापून बाहेर काढला. म्हणून अपेंडिक्स काढणे ती अपेंडिसेक्टॉमी आणि स्त्रियांची पिशवी काढणे ती हिस्टरेक्टॉमी. तिसरी शेपटी ‘ऑस्टॉमी’. ‘स्टोमा’ म्हणजे तोंड. आतल्या अवयवाला बाहेर कातडीवर नवे तोंड करून दिले की ऑस्टॉमी. अन्ननलिकेला गाठ होऊन पाणीही उतरेनासे झाले तर जठरात नळी बसवतात ती गॅस्ट्रॉस्टॉमी. मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावतात ती कोलोस्टॉमी. एका अक्षराच्या फरकाने केवढा फरक पडतो पाहा. ‘टॉमी’ आणि ‘ऑस्टॉमी’ ऐकायला जवळजवळ सारखेच वाटतात, पण एकात टाके निघाले की प्रकरण संपते आणि दुसऱ्यात घरच्या माणसांना पिशवी बदलायला शिकावे लागते.

जठर उघडण्याची एक जुनी हकिकत प्रसिद्ध आहे. १६३५ साली प्रशियातील क्योनिग्सबर्ग या गावी (आता हे शहर रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राद आहे) एका तरुण शेतकऱ्याने उलटी व्हावी म्हणून सुरीची मूठ घशात घातली आणि सुरीच पोटात गेली. डॅनिएल श्वाबे या शल्यवैद्याने त्याचे पोट व जठर उघडून ती बाहेर काढली. तो वाचला! भूल नव्हती, जंतू असतात हेही कोणाला ठाऊक नव्हते. आजही जठराला चीर देण्याची वेळ येते. मुलींना आपलेच केस तोडून गिळण्याची सवय असेल तर वर्षानुवर्षांच्या केसांचा गोळा जठरात तयार होतो, जठराच्याच आकाराचा. तो जुलाबाने निघत नाही, मोठा झाल्यावर दुर्बिणीच्या नळीनेही सहसा निघत नाही. गॅस्ट्रॉटॉमी करूनच काढावा लागतो. डोक्यावर विरळ जागा, भूक मंद आणि बेंबीच्या वर हाताला लागणारी टणक गाठ असे मुलीच्या बाबतीत दिसले तर आईने तिला रागावू नये, दवाखान्यात आणावे.

आपल्याकडेही पोट उघडण्याची कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानात आतडे अडल्यावर आणि आतड्याला छिद्र पडल्यावर करावयाच्या शस्त्रकर्माचे वर्णन आहे. बेंबीच्या खाली, मधल्या केसांच्या रेषेपासून डावीकडे चार अंगुळे सोडून पोट चिरावे, आतडी बाहेर काढून तपासावीत, अडथळा करणारा खडा, केस वा मळ काढून टाकावा, तूप-मध लावून आतडी पुन्हा आत बसवावीत आणि बाहेरची जखम शिवावी. आतड्याला छिद्र असेल तर त्याच्या कडा जुळवून त्यांना काळ्या मुंग्या डसवाव्यात आणि मुंग्यांची धडे तोडून मुंडकी तशीच ठेवावीत, असेही सांगितले आहे. या मुंडक्यांचा उपयोग आजच्या टाक्यासारखा. यावरून ‘सगळे आपल्याकडे आधीच होते’ अशी फुशारकी मारण्यात अर्थ नाही. पण त्या वैद्यांनी ‘पाटन’ हा शब्द वापरला होता आणि लॅपरॉटॉमीला ‘उदरपाटन’ हा मराठी शब्द त्यावरून सहज होतो, हे सांगायला हवे. मला तो ‘पोट फाडणे’पेक्षा पुष्कळ बरा वाटतो. फाडणे हा शब्दच माणसाला अर्धमेला करतो.

मधला इतिहास थोडक्यात सांगतो. १८०९ साली अमेरिकेत केंटकीमधील डॅनव्हिल या लहानशा गावात एफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरने एका बाईच्या अंडाशयाची जवळजवळ दहा किलोची गाठ भुलीशिवाय पोट उघडून काढली आणि ती बाई पुढे तीस वर्षांहून अधिक जगली. १८४६ मध्ये ईथरची भूल आली. १८६७ मध्ये लिस्टरने जखमा जंतूंपासून जपण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर पोट उघडणे हे धाडस न राहता रोजचे काम होऊ लागले. १८८१ साली व्हिएन्नात बिलरोथ याने कर्करोगाने ग्रासलेला जठराचा भाग यशस्वीपणे काढला.

आता त्या अलीकडच्या शब्दाकडे वळू. ‘एक्स्प्लोरेटरी’ म्हणजे शोध घेण्यासाठी. खरा गोंधळ या शब्दाने होतो. एका शेतकरी मामांनी मला तावातावाने सांगितले होते, “डॉक्टरसाहेब, त्येंना आजारच कळंना झालाय म्हणून पोट फाडून बघणार हायत म्हणं! आमी काय जनावरं हाय?” त्यांच्या भावाच्या पोटात आदल्या रात्रीपासून असह्य दुखत होते. अंगदुखीसाठी दुकानातल्या गोळ्या तो महिनोन् महिने उपाशीपोटी खात होता. पोट लाकडासारखे कडक झाले होते आणि उभे करून काढलेल्या एक्सरेत छाती-पोटाच्या मधल्या पडद्याखाली हवा दिसत होती. जठराला किंवा आतड्याला भोक पडल्याची ही खूण. सोलापुरातल्या डॉक्टरांना आजार कळलेला होता. भोक नेमके कोठे आहे, केवढे आहे, एक आहे की दोन, हे मात्र उघडल्याशिवाय कळणार नव्हते. “मामा, विहिरीची मोटर जळाली हे वरून कळतं. पण कुठली तार जळाली हे मोटर उघडल्यावरच कळतं की नाही?” असे मी विचारले, तेव्हा ते शांत झाले. सही झाली. भाऊ आज शेतात काम करतो. पण त्या वादात सहा तास गेले होते आणि त्या सहा तासांत पू पोटभर पसरल्यामुळे त्याला दवाखान्यात तीन आठवडे काढावे लागले.

सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन आल्यापासून निव्वळ शोधासाठी पोट उघडण्याचे प्रसंग पुष्कळ कमी झाले आहेत, ही गोष्ट खरी. तरी काही प्रसंगी उशीर करून चालत नाही. विजापूर रस्त्यावर अपघात होऊन प्लीहा फुटली आणि रक्तदाब सारखा उतरतो आहे, बैलाचे शिंग पोटात गेले आहे, विषमज्वरात तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडले आहे, पिळा पडून आतडे काळे होऊ लागले आहे, गर्भ नळीत राहून नळी फुटली आहे. अशा वेळी ‘अजून एक फोटो काढू’, ‘गावाकडच्या माणसांना विचारू’ म्हणत बसले तर माणूस हातचा जातो. आणखी एक विनंती. पोट कडक झालेल्या माणसाला बेंबी सरकली म्हणून चोळू नये, एरंडेल पाजू नये, पाणीसुद्धा देऊ नये.

घाई असली तरी विचारण्याचा हक्क मात्र सोडू नये. चरकसंहितेत उदररोगाच्या प्रकरणात, इतर उपाय थकल्यावर जोखमीचा उपचार करायचा असेल तर नातेवाईक, मित्र, पत्नी, राजा यांना धोका स्पष्ट सांगून, त्यांची अनुमती घेऊन मगच करावा, असे सांगितले आहे. हल्लीच्या काळातला दाखला दिल्लीचा आहे. १९९५ साली चव्वेचाळीस वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीची दुर्बिणीने तपासणी व्हायची होती. संमतीपत्रावर ‘लॅपरॉटॉमीची गरज पडू शकेल’ असे लिहिलेले होते. तिने सही केली. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढून टाकण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २००८ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की तपासणीला दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती होत नाही. जीव तातडीने धोक्यात नसेल तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबले पाहिजे. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाच्या शरीराविषयी आईनेही परस्पर हो म्हणून चालत नाही.

म्हणजे दरवाजा उघडायची परवानगी दिली म्हणून घरातली वस्तू न्यायची परवानगी मिळत नाही, हे आता कायद्यानेही ठरले आहे. एरवी शब्दाच्या व्युत्पत्तीत कोण वेळ घालवतो? पण ‘टॉमी’ आणि ‘एक्टॉमी’ यांतला फरक इथे एका बाईच्या गर्भाशयाएवढा होता. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या पिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न २०१९ साली एवढा गाजला की राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या तालुक्यांतूनही टोळ्या उसाच्या फडावर जातात. तेव्हा सही करण्यापूर्वी तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. पोट कशासाठी उघडणार? आत काही काढावे लागण्याची शक्यता आहे का, असल्यास काय? पोटावर पिशवी लावावी लागेल का, लागली तर कायमची की काही महिन्यांपुरती? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तर दोन मिनिटांत मिळते आणि तातडीच्या ऑपरेशनलाही दोन मिनिटे असतात. पेशंट बेशुद्ध असेल आणि जिवावर बेतले असेल, तर मात्र डॉक्टरांना सहीसाठी थांबवून धरू नये.

‘लॅपरो’ हा तुकडा आपल्याकडील स्त्रियांना फार पूर्वीपासून माहीत आहे, फक्त वेगळ्या नावाने. कुटुंबनियोजनाच्या शिबिरातले ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणजे लॅपरोस्कोपी. कुशीत, म्हणजे पोटात, पाहणे. आणि ‘टाक्याचे ऑपरेशन’ म्हणतात ते मिनिलॅप, म्हणजे छोटी लॅपरॉटॉमी. माणसाच्या पोटात दुर्बीण घालून पाहण्याचे काम १९१० साली स्वीडनच्या याकोबेयस यांनी प्रसिद्ध केले. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचे भारतातले पहिले ऑपरेशन १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केले. सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णालाच याचा फायदा अधिक, कारण तो लवकर कामावर जाऊ शकतो, असे त्यांचे आग्रहाचे म्हणणे असे. ते २०२३ साली वारले. आता सोलापुरातही अशी ऑपरेशने नित्याची झाली आहेत. तरी दुर्बिणीने सुरू केलेले काम रक्तस्राव झाल्यास किंवा आतडी चिकटलेली आढळल्यास मधेच पोट उघडून पुरे करावे लागते. म्हणून तिथल्या संमतीपत्रावरही लॅपरॉटॉमी हा शब्द असतोच. ‘छोटे सांगितले आणि मोठे केले’ म्हणून भांडण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे.

माझ्याकडे पोटावर लांब व्रण असलेले कितीतरी रुग्ण येतात. “कसले ऑपरेशन झाले होते?” विचारले की उत्तर येते, “पोटाचं.” कार्ड कुठे आहे विचारले तर पावसात भिजले, पोरांनी फाडले. दहा वर्षांनी पुन्हा पोटात दुखू लागल्यावर आत काय शिल्लक आहे आणि काय काढले आहे, हे व्रणावरून कळत नाही. अपेंडिक्स आधीच काढले आहे हे ठाऊक नसेल तर ती शंका मनात धरून पुन्हा सगळे तपास करावे लागतात. तेव्हा ते कार्ड आणि गाठ तपासल्याचा अहवाल सातबारा ठेवतो त्याच पिशवीत ठेवावा.

शेवटी ऑपरेशननंतरचे. मधोमध चीर देण्याचे कारण असे की तिथे स्नायू कापावे लागत नाहीत, फक्त दोन्ही बाजूंचे पडदे जिथे जुळतात ती पांढरी, चिवट रेषा कापली जाते, रक्तही कमी जाते. पण तीच रेषा भरून यायला वेळ घेते. कातडीचे टाके दहा-बारा दिवसांत निघतात, म्हणून माणूस बरा झाला असे समजतो. आतली शिवण पक्की व्हायला महिने लागतात. निदान सहा ते आठ आठवडे पाण्याची भरलेली घागर, उसाची मोळी, सिमेंटचे पोते उचलू नये, नाहीतर तिथे हर्निया होतो आणि पुन्हा ऑपरेशन. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरून खोकावे. तंबाखू आणि बिडी जखम भरू देत नाहीत. आणि राउंडला आलेले डॉक्टर सर्वांसमोर “वारा सरला का?” असे विचारतात तेव्हा लाजून गप्प बसू नये. आतडी पुन्हा हलू लागली की नाही, हे त्यांना त्यावरून कळते आणि तोंडाने कधी काय द्यायचे ते ठरवायला मदत होते.